प्योंगयांगचे पाच दिवस आणि माणसांचे ठिपके

उत्तर कोरियातले मास गेम्स म्हणजे सामुदायिक कवायत, पण एवढ्या प्रमाणावर की कवायत हा शब्द तोकडा पडावा. मैदानात हजारो माणसं आणि समोरच्या अख्ख्या गॅलरीत रंगीत पानं उलटणारी शाळकरी मुलं. 'आरिरांग' नावाने हा प्रयोग २००२ मध्ये, देशाचा संस्थापक किम इल सुंग याच्या नव्वदाव्या जयंतीच्या वर्षी सुरू झाला. २००६ चं वर्ष पुरामुळे हुकलं, पुढे २०१३ पर्यंत तो दरवर्षी व्हायचा. मग पाच वर्षं काहीच नाही. ९ सप्टेंबर २०१८ ला राष्ट्रस्थापनेला ७० वर्षं झाली आणि 'तेजस्वी मातृभूमी' अशा अर्थाच्या नावाने नवा प्रयोग आला. पुढचा क्रम त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेरच्या सहलीचा आहे, नियम आणि वेळाही तेव्हाच्याच.

आदला दिवस: बीजिंग

भारतीय पासपोर्टवाल्यांची हमखास होणारी चूक म्हणजे चीनचा एकाच प्रवेशाचा व्हिसा काढणं. बीजिंगहून निघून बीजिंगलाच परत यायचं असतं, त्यामुळे दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो. ही चूक परतताना सीमेवर लक्षात आली तर करण्यासारखं फार काही उरत नाही. उत्तर कोरियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवत नाहीत. दुमडलेलं एक टुरिस्ट कार्ड मिळतं, तेही सहल कंपनीमार्फत. एकट्याने, स्वतःच्या मनाने जायची सोयच नाही. अर्जात नोकरीची माहिती द्यावी लागते. पत्रकारांना पर्यटक म्हणून घेत नाहीत. दक्षिण कोरियाच्या नागरिकांना हा रस्ता बंद, आणि सप्टेंबर २०१७ पासून अमेरिकी पासपोर्टवर अमेरिकेनेच तिथे जायला बंदी घातली आहे.

पैसे रोख न्यायचे, युरो किंवा युआन. कार्ड चालत नाही, एटीएम नाही. नोटा लहान हव्यात, कारण सुटे मिळतीलच असं नाही. उरलेल्या पैशांचं च्युइंगगम किंवा सरबताचा डबा हातावर ठेवतात. आपल्याकडे सुट्यांऐवजी चॉकलेट घेतलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

तिकिटाचा निर्णय इथेच घेतलेला बरा. आरिरांगच्या काळात तिसऱ्या वर्गाचं तिकीट ८० युरो होतं आणि व्हीआयपी ३००. २०१८ मध्ये दर झाले १००, ३००, ५०० आणि ८००. म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकीटही तेव्हाच्या दराने साडेआठ हजार रुपयांच्या घरात, आणि ते सहलीच्या खर्चात धरलेलं नसतं. फरक खुर्चीच्या गादीचा नाही, कोनाचा आहे. समोरच्या गॅलरीतलं चित्र मधोमध बसलेल्या माणसासाठी आखलेलं असतं, आणि तो माणूस कोण हे सांगायला नको. कडेच्या तिसऱ्या वर्गातून तेच चित्र दाबल्यासारखं दिसतं, थिएटरात पहिल्या रांगेच्या कोपऱ्यातून सिनेमा पाहिल्यासारखं. तरीही एकदाच पाहायचं असेल तर दुसरा वर्ग आणि दोनदा पाहायचं असेल तर दोन्ही वेळा तिसरा घ्यावा, असं आमचं मत. कडेला बसलं की मैदानाच्या टोकाशी काय चाललंय ते दिसतं, आणि खरं कसब तिथे आहे.

पहिला दिवस: बीजिंग ते प्योंगयांग

उत्तर कोरियाच्या सरकारी विमान कंपनीचं, एअर कोर्योचं टुपोलेव्ह विमान दुपारी सुटतं आणि दोन तासांच्या आत प्योंगयांगच्या सुनान विमानतळावर उतरतं. विमानात इंग्रजी वर्तमानपत्र मिळतं. पहिल्या पानावर नेत्याचा फोटो असेल तर घडी त्याच्या चेहऱ्यावरून जाऊ द्यायची नाही. पेपर चुरगाळायचा नाही आणि जेवणाचा ट्रे त्यावर ठेवायचा नाही. हा नियम कुणी मोठ्याने सांगत नाही, पण मोडला की लगेच कळतं.

विमानतळावर पुस्तकं, फोन, कॅमेरे आणि पेन ड्राइव्ह दाखवावे लागतात. धर्मग्रंथ आणि दक्षिण कोरियाबद्दलचं काहीही घरीच ठेवावं. फार लांब लेन्स अडकते. फोन परत देतात. घड्याळ बीजिंगच्या एक तास पुढे करायचं. मे २०१८ पर्यंत ते अर्धाच तास पुढे होतं. दोन्ही कोरियांची वेळ एक असावी म्हणून पुन्हा अर्धा तास पुढे सरकवलं.

दोन मार्गदर्शक आणि एक ड्रायव्हर इथून शेवटपर्यंत गटासोबत असतात. हॉटेलच्या बाहेर त्यांच्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. यांगाकदो हॉटेल तर नदीतल्या बेटावरच आहे, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटतो.

विमानतळाहून शहरात येताना खिडकीकडची जागा सोडू नये. संध्याकाळी पाचच्या सुमारास चौकांतून, पुतळ्यांसमोरच्या मोकळ्या फरशीवर मुलामुलींचे जथे दिसतात. कुणाच्या हातात रंगीत रिंगा, कुणाच्या हातात गोंडे, कुणाकडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली झालर. ओळ लावून उकिडवी बसलेली असतात, शिट्टी झाली की उठतात, चार पावलं जातात, पुन्हा बसतात. पुढे तिकीट काढून जे पाहायचं, त्याचे हे सुटे भाग. बसमधून फोटो काढू नका असं सांगितलं जातं, आणि ते ऐकावं.

रात्रीच्या जेवणाबद्दल शाकाहारींना एक सूचना. किमचीत, म्हणजे आंबवलेल्या तिखट भाज्यांत, बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा रस असतो, सूपचं पाणी हाडांचं असतं आणि 'मांस नको' म्हटलं तर मासे येतात. भात, अंडं, टोफू, मोडाच्या भाज्या यांवर निभावतं. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्यायला कस्टम्सची हरकत नसते.

दुसरा दिवस: चौकातले ठिपके, रात्री स्टेडियम

सकाळी मानसुदे टेकडी. किम इल सुंग आणि त्याचा मुलगा व वारस किम जाँग इल यांचे सुमारे २० मीटर उंचीचे कांस्यपुतळे. ओळीत उभं राहायचं, गटातर्फे फुलं ठेवायची, एकदा वाकायचं. फोटो काढताना दोन्ही पुतळे आपादमस्तक चौकटीत हवेत. हात-पाय तुटलेला फोटो पुसायला लावतात. पुतळ्याच्या पोजची नक्कल करून फोटो काढू नये.

तिथून जुचे मनोरा. जुचे म्हणजे स्वावलंबनाची त्यांची सरकारी विचारसरणी. १७० मीटर उंच, १९८२ मध्ये किम इल सुंगच्या सत्तराव्या वाढदिवसाला उभारलेला. त्यात दगडाचे २५,५५० ठोकळे असल्याचं सांगतात, म्हणजे ७० गुणिले ३६५. लीप वर्षं धरली नाहीत, हा हिशेब तिथे विचारू नये.

मनोऱ्यासमोर नदीपल्याड किम इल सुंग चौक. बहुतेक पर्यटक इथे इमारतींवरची चित्रं टिपतात. नजर खाली न्यावी. फरशीवर पांढऱ्या रंगाचे ठिपके आणि खुणा आहेत, ठरावीक अंतरावर, चौकाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. संचलनात आणि मशालींच्या कार्यक्रमात कुणी कुठे उभं राहायचं ते या खुणा सांगतात. आपल्याकडे ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके आधी येतात आणि रेषा नंतर. इथेही तसंच, फक्त ठिपक्यावर माणूस उभा करतात.

ही कल्पना कोरियाची नाही. मध्य युरोपात एकोणिसाव्या शतकात राष्ट्रवादी व्यायामसंघ निघाले. प्रागमध्ये १८६२ साली सुरू झालेल्या सोकोल चळवळीने १८८२ पासून एकत्रित कवायतीचे मोठे मेळावे भरवले. पुढे कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियाने तोच साचा उचलून १९५५ ते १९८५ या काळात स्त्राहोव स्टेडियममध्ये 'स्पार्ताकियाड' केले. प्योंगयांगने त्यात दोन गोष्टींची भर घातली. एक, मागचा चित्रपडदा. दोन, कथानक. तिथे कवायत, पार्श्वपट आणि संगीत ही या प्रकाराची तीन अंगं मानतात. किम जाँग इलने एप्रिल १९८७ मध्ये या कवायतींच्या दिग्दर्शकांपुढे केलेलं भाषण आजही त्यांचं पाठ्यपुस्तक आहे. त्याचा गाभा असा की एकाच्या चुकीने सगळ्यांचा प्रयोग बिघडतो हे मुलाला ठाऊक असतं, म्हणून ते स्वतःची इच्छा समूहाच्या खाली ठेवायला शिकतं. म्हणजे आपण प्रेक्षक जे पाहतो ते दुय्यम. मुख्य काम सरावात झालेलं असतं.

ही विद्या त्यांनी निर्यातही केली. १९७१ च्या उत्तर कोरिया दौऱ्यात रुमानियाचा कम्युनिस्ट नेता चाउशेस्कू याने असे सोहळे पाहिले आणि आपल्या देशात तसेच सुरू केले. १९८० मध्ये गयानाच्या शाळकरी मुलांना शिकवायला कोरियन प्रशिक्षक गेले होते, आणि त्या मुलांत भारतीय वंशाची मुलंही होती.

संध्याकाळी बस वेळेआधी निघते. मे दिन स्टेडियम तेदोंग नदीतल्या रुंगरा बेटावर आहे. १ मे १९८९ ला उघडलं, त्याच वर्षीच्या जागतिक युवक महोत्सवासाठी. १६ कमानींचं छत वरून फुलासारखं दिसतं. क्षमता दीड लाख सांगायचे, दुरुस्तीनंतर १,१४,००० धरतात. स्वच्छतागृहात आत शिरताच जाऊन यावं. प्रयोग दीड तासाच्या आसपास चालतो आणि मध्यंतर नाही. सप्टेंबरअखेर नदीवरचा वारा बोचतो, जॅकेट हवं.

जागेवर अर्धा तास आधी पोचणं महत्त्वाचं, कारण खेळ आधीच सुरू झालेला असतो. समोरच्या गॅलरीत मुलं बसलेली असतात. आरिरांगच्या काळात सुमारे वीस हजार, २०१८ मध्ये साडेसतरा हजारांच्या आसपास. प्रत्येकापुढे जाड पानांचं मोठं पुस्तक, चेहरा पुस्तकाआड. सुरुवातीला ती आपापल्या शाळांची आणि भागांची नावं पानांनी लिहितात आणि एका सुरात ओरडतात. एक पट्टा ओरडतो, मग दुसरा. पानं फिरतात तेव्हा जो आवाज येतो तो कुठल्याही व्हिडिओत नीट उतरलेला नाही: आधी फर्रर्र, मग अर्ध्या सेकंदाने छताला आपटून परत आलेला फर्रर्र. हजारो कबुतरं एकदम उठल्यासारखा.

यंत्रणा अशी. चित्र आधी चौकटींच्या कागदावर काढतात. प्रत्येक चौकट म्हणजे एक खुर्ची. मग खुर्चीनिहाय पुस्तक बांधतात. पानांचा क्रम म्हणजे त्या खुर्चीचा संपूर्ण कार्यक्रम. काही पानं सपाट रंगाची, काहींवर चित्राचा तुकडा. शेजारच्याचं पुस्तक उचलून चालत नाही. इशारा समोरच्या बाजूने, म्हणजे प्रेक्षकांच्या डोक्यावरून येतो. मुलाला स्वतः बनवलेलं चित्र कधीच दिसत नाही. त्याला दिसतो तो इशारा, आणि पुढच्याची पाठ.

साडेसतरा हजार चौकटी म्हणजे किती? जुन्या नोकिया ३३१० चा पडदा ८४ बाय ४८ ठिपक्यांचा होता, एकूण ४,०३२. तसे चार पडदे जोडले की झाली ही गॅलरी. एवढ्याशा ठिपक्यांत कोरियनांना पवित्र असलेल्या पाएक्तू पर्वतावरचा सूर्योदय, कारखान्याची धुराडी, हलत्या लाटा. लाट कशी हलते? सगळे एकदम पान उलटत नाहीत. पहिली उभी रांग ठोक्यावर, दुसरी तिच्या पाठोपाठ, तिसरी तिच्यानंतर. ठोका मनात मोजायचा असतो. वाऱ्याने डोलणारं पीक दाखवताना पान पूर्ण उलटतच नाहीत, पुस्तक थोडं कलतं करून परत सरळ करतात. मधोमध बसून हे जादूसारखं वाटतं. कडेने पाहिलं की रांगांमधला तो निमिषभराचा फरक दिसतो आणि थक्क व्हायची खरी वेळ तेव्हा येते.

चुकाही दिसतात. दोन पानं चिकटून एकदम उलटली तर निळ्या आकाशात एक लाल ठिपका उमटतो आणि पुढच्या पानापर्यंत तसाच राहतो. पान घाईत दुमडलं तर ठिपका अर्धाच रंगतो. एखादं डोकं पुस्तकावरून वर येतं. घरी येऊन फोटो मोठा करून पाहा, असा एखादा तरी ठिपका सापडतो. त्या खुर्चीवरच्या मुलाचं त्या रात्री पुढे काय झालं असेल, हे फोटो सांगत नाही.

२०१८ मध्ये तंत्र बदललं. पुस्तकांची पांढरी पानं उघडून गॅलरीचाच पडदा केला आणि त्यावर प्रोजेक्टरने चित्रं टाकली. ड्रोनच्या दिव्यांनी आकाशात प्रयोगाचं नाव लिहिलं. आणि दोन कोरियांच्या सीमेवरच्या पानमुंजोमला एप्रिलमध्ये किम जाँग इलचा मुलगा व सध्याचा नेता किम जाँग उन आणि दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष मून जे-इन यांनी केलेल्या हस्तांदोलनाचं चित्रण त्या पांढऱ्या पानांवर झळकलं. आमच्या मते यात थोडं गमावलं. हलणारा व्हिडिओ पडला की गॅलरी निव्वळ भिंत होते. मुलांनी पानांतून लाट हलवणं आणि प्रोजेक्टरने लाट दाखवणं यात फरक आहे, आणि तो प्रयोग बसवणाऱ्यांनाही कळत असणार, कारण पानं त्यांनी सोडली नाहीत.

मैदानातलं सगळं सांगत बसत नाही. पंखे घेतलेल्या बायका, तायक्वांदोचे पांढरे पोशाख, रिंगा आणि दोऱ्या घेतलेली इवलीशी मुलं, छताला बांधलेल्या तारांवरचे कसरतपटू. पाहायची ती दृश्यं बदलतानाची जागा. गॅलरी एकदम भडक रंगाने उजळते, संगीत चढतं, सगळे वर बघतात. त्याच क्षणी मैदानावर अंधार होतो आणि शेकडो मुलं कंबरेत वाकून धावत बाहेर पडतात. दुसऱ्या बाजूने तितकीच आत येतात. दिवे लागतात तेव्हा प्रत्येक जण आपल्या खुणेवर उभा. एक हात वर, श्वास रोखलेला. खांदे मात्र धापेने हलत असतात. हे फक्त कडेच्या खुर्च्यांवरून दिसतं.

कॅमेऱ्याचं गणित सोपं आहे. गॅलरी उजळ, मैदान काळं, आणि स्वयंचलित मोड गॅलरी पांढरी करून टाकतो. एक्स्पोजर गॅलरीवर मोजून तिथेच ठेवावं. आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/१२५ च्या खाली नको, नाहीतर पान उलटतानाचा चिखल दिसतो. पहिली दहा मिनिटं फोटो काढावेत आणि मग कॅमेरा खाली ठेवावा.

संपल्यावर बसकडे जाताना गट चुकणं हा सगळ्यात मोठा धोका. बसचा क्रमांक हातावर लिहून ठेवावा. सगळ्या बस सारख्याच, बाहेर दिवे मंद, आणि मार्गदर्शकांच्या जिवाचं पाणी होतं.

तिसरा दिवस: राजवाडा आणि बालभवन

कुमसुसान सूर्यप्रासाद, जिथे दोन्ही नेत्यांची शवं जतन केली आहेत. पुरुषांना टाय, बायकांना अंगभर कपडे. जीन्स, चपला चालत नाहीत. कॅमेरा, फोन, किल्ल्या सगळं बाहेर. सरकत्या पट्ट्यांवरून लांबलचक प्रवास, त्यावर चालायचं नाही, उभं राहायचं. शवापाशी चौघांची ओळ करून पायांपाशी आणि दोन्ही बाजूंना वाकायचं, डोक्याच्या बाजूला नाही.

दुपारी मांग्योंगदे बालभवन, १९८९ सालची वास्तू. शाळा सुटल्यावर निवडक मुलं इथे वाद्यं, नाच, भरतकाम, जिम्नॅस्टिक्स शिकतात. पर्यटकांना वर्गांतून फिरवतात आणि शेवटी सभागृहात कार्यक्रम दाखवतात. मुलांचं हसू सगळ्यांचं सारखंच, दात दिसतील एवढं, शेवटच्या टाळीपर्यंत टिकलेलं. आपल्याकडच्या स्नेहसंमेलनात एक तरी पोर प्रेक्षकांतल्या आईला शोधत असतं. इथे ते शोधून सापडत नाही.

मास गेम्सच्या सरावाबद्दल मार्गदर्शकांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: भाग घेणं हा मान आहे. लहानपणी आपणही पानं उलटली असं काही जण अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान खोटा वाटत नाही. पण तेवढंच ऐकून परतू नये. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ च्या अहवालात या सरावाची नोंद घेतली आहे: महिनोन्‌महिने चालणारी तालीम, बुडणारी शाळा, चुकणाऱ्यांना होणारी शिक्षा. त्यात एका सात-आठ वर्षांच्या मुलाची हकीकत आहे. अपेंडिक्सच्या वेदना सोसत तो सराव करत राहिला, वेळेवर उपचार मिळाले नाहीत आणि तो गेला. किम जाँग इलसमोरच्या प्रयोगासाठी झिजला म्हणून त्याच्या मृत्यूला वीरमरणाचा मान दिला गेला.

ऑगस्ट २००७ च्या प्रयोगात १,००,०९० जण होते आणि गिनेसने त्याची विक्रम म्हणून नोंद केली. या आकड्याचं कौतुक करताना त्या एकाला वजा करू नये.

चौथा दिवस: केसोंग

दक्षिणेला केसोंग आणि पानमुंजोम. रुंद, जवळजवळ रिकामा महामार्ग आणि खड्डे असे की बसमध्ये चहा पिता येत नाही. सीमेवरच्या निळ्या खोल्या पाहायच्या, सैनिकाचं भाषण ऐकायचं, जेवायला पितळी वाट्यांचं ताट. दिवस असाच जातो.

या रस्त्यावर बोलण्यासारखं एकच: मास गेम्स पाहायला कोणाला बोलावलं जातं. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑलब्राइट याच स्टेडियममध्ये किम जाँग इलशेजारी बसल्या होत्या. गॅलरीत क्षेपणास्त्र उडतानाचं चित्र आलं तेव्हा हे पहिलं उड्डाण होतं आणि हेच शेवटचं, अशा अर्थाचं तो त्यांना म्हणाला. २००७ मध्ये दक्षिणेचे अध्यक्ष रोह मू-ह्यून यांनी आरिरांग पाहिला. १९ सप्टेंबर २०१८ ला मून जे-इन यांनी प्रयोगानंतर त्याच स्टेडियममध्ये भाषण केलं: पाच हजार वर्षं आपण एकत्र राहिलो, सत्तर वर्षं वेगळे. त्या वर्षीच्या प्रयोगात अमेरिकेवरची आगपाखड आणि क्षेपणास्त्रं गाळली होती. जून २०१९ मध्ये शी जिनपिंग आले तेव्हा गॅलरीत त्यांचा चेहरा उमटला. पुस्तकातली पानं बदलली की परराष्ट्र धोरण बदललं समजावं. दूतावासांतले लोक म्हणूनच या प्रयोगाला वही घेऊन बसत असतील.

दिग्दर्शकही सुटत नाहीत. जून २०१९ मध्ये नव्या प्रयोगाच्या पहिल्याच रात्रीनंतर किम जाँग उनने निर्मात्यांना बोलावून त्यांच्या बेजबाबदार वृत्तीबद्दल झापलं, आणि हे सरकारी वृत्तसंस्थेनेच छापलं. प्रयोग काही दिवस बंद राहिले. तिकिटं काढून निघालेल्या गटांना तेव्हा मास गेम्सशिवाय परतावं लागलं. म्हणून सहलीची रक्कम भरताना 'प्रयोग रद्द झाल्यास तिकिटाचे पैसे परत' हे लिहून घेणं शहाणपणाचं.

पाचवा दिवस: आगगाडीने दांदोंग

परतताना विमानापेक्षा सीमेपलीकडच्या दांदोंग या चिनी शहरात जाणारी गाडी बरी. सकाळी दहानंतर प्योंगयांगहून सुटते, सीमेवरच्या सिनुइजूपर्यंत सव्वादोनशे किलोमीटरना पाच-सहा तास घेते. भातकापणीचे दिवस, रुळालगत पेंढ्या, सायकली, बैलगाड्या. राजधानीत चार दिवस न दिसलेला देश इथे खिडकीतून दिसतो.

सिनुइजूला सीमेवरची तपासणी. अधिकारी डब्यात येऊन बॅगा उघडायला लावतात, कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून पाहतात. मास गेम्सचे फोटो ते चटकन पुढे ढकलतात. थांबतात ते बैलगाडीवर आणि सैनिकावर. पुसलेला फोटो परत मिळवायच्या फंदात पडू नये. टुरिस्ट कार्ड काढून घेतात. पासपोर्टवर शिक्का नसतो, त्यामुळे त्या देशाची थेट खूण पासपोर्टवर उरत नाही. मग यालू नदीवरचा मैत्री पूल, शेजारी १९५० मध्ये बॉम्बने तुटलेला अर्धा पूल, आणि पलीकडे दांदोंगच्या जाहिराती. फोनला सिग्नल येतो. बीजिंग दुसऱ्या दिवशी सकाळी.

जानेवारी २०२० मध्ये साथीमुळे सीमा बंद झाल्या. फेब्रुवारी २०२४ पासून रशियन गट जाऊ लागले. २०२५ च्या सुरुवातीला ईशान्येचं रासोन शहर इतर परदेशी गटांसाठी काही आठवडे उघडलं आणि पुन्हा बंद झालं. मास गेम्स मात्र ऑक्टोबर २०२० मध्ये परदेशी पर्यटकांशिवायही झाले.